रूळ, बांध आणि भिंत : व्हँकुव्हरच्या किनारी सायकलमार्गांचा पूर्वेतिहास

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील व्हँकुव्हर आणि व्हिक्टोरिया या शहरांच्या कडेने व उपनगरांतून जाणारे सायकलमार्ग आज निसर्गशोभेसाठी नावाजले जातात. परंतु त्यांच्याखालची जमीन कोणी, केव्हा आणि कशासाठी सपाट केली याचा शोध घेतला, तर विरंगुळ्याचा हेतू तेथे फार उशिरा येऊन पोहोचल्याचे आढळते. समुद्राची झीज रोखणारी भिंत, पूर अडवणारा बांध आणि मासळीच्या कारखान्यांकडे जाणारी रेल्वे या तीन कामांनी हे मार्ग आधीच आखून ठेवले होते. सायकलस्वार त्यांचा शेवटचा वारसदार होय, आणि हा वारसा प्रत्येक ठिकाणी निर्वेध मिळाला असेही नाही.

व्हँकुव्हर शहराची स्थापना १८८६ साली झाली. त्याच वर्षी शहराच्या पश्चिम टोकाचे, लष्करासाठी राखून ठेवलेले सुमारे ४०० हेक्टरांचे जंगल उद्यानासाठी मिळावे अशी मागणी नव्या नगरपरिषदेने केंद्र सरकारकडे केली, आणि १८८८ च्या सप्टेंबरात तत्कालीन गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांच्या नावाने ते खुले झाले. योगायोग असा, की बेलफास्टमध्ये जॉन डनलॉपने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले तेही याच वर्षी. दोन्ही चाके सारख्या आकाराची असलेली, साखळीने चालणारी सायकल त्याआधी तीन वर्षे बाजारात आली होतीच; हवेच्या टायरमुळे ती सामान्य माणसाच्या हाडांना सोसू लागली.

उद्यानाला वळसा घालणारा पहिला रस्ता १८८८ मध्ये झाला तो मात्र निर्मनुष्य रानातून नव्हे. स्क्वामिश या आदिवासी समाजाचे ख्वायख्वाय हे गाव द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावर होते आणि शेकडो वर्षे खाल्लेल्या शिंपल्यांचा जाड थर तेथे साचला होता. पुरातत्त्वज्ञ अशा थरावरून वस्तीचे वय आणि तेथील लोकांचा आहार अभ्यासतात. रस्ता करणाऱ्यांनी तो खणून काढला आणि रस्त्यावर पसरला. पलीकडच्या च्येथूस या वस्तीत तेव्हा लहान असलेल्या ऑगस्ट जॅक खाट्सालानो यांनी पुढे १९३० च्या दशकात नगराचे अभिलेखपाल मेजर मॅथ्यूज यांना सांगितलेली हकिकत नोंदलेली आहे : घरातील मंडळी आत जेवत असताना मोजणीदार आले आणि आखणीच्या आड येणारा घराचा कोपरा त्यांनी तोडला. किट्सिलानो हे व्हँकुव्हरचे किनारी उपनगर याच घराण्याच्या नावाने ओळखले जाते. घर गेले आणि नाव राहिले, हा वसाहतींच्या इतिहासातील नेहमीचाच सौदा म्हणावा लागेल.

आजचा सायकलस्वार ज्या वाटेने उद्यानाची प्रदक्षिणा करतो ती या रस्त्याच्याही खाली, थेट पाण्याच्या कडेला आहे, आणि ती वाट म्हणजे मुळात एका संरक्षक भिंतीचा माथा आहे. बरार्ड खाडीच्या अरुंद तोंडातून बंदराकडे जाणाऱ्या आगबोटींच्या लाटा उद्यानाचा वाळूच्या दगडाचा किनारा कुरतडत होत्या. जलवाहतूक हा केंद्राचा विषय असल्याने या झिजेच्या कारणावरून उद्यान मंडळाला केंद्राची मदत मागता आली आणि १९१७ मध्ये भिंतीचे काम सुरू झाले. निव्वळ फिरण्याची वाट हवी म्हणून कोणी खजिना उघडला नसता. जहाजांनी चालवलेली नासधूस हे त्यासाठी भक्कम निमित्त ठरले.

पैसा येईल तेवढी भिंत पुढे सरकत असे. १९३० च्या दशकातील महामंदीत बेकारांना काम देण्यासाठीही तिचा उपयोग झाला, आणि १९३१ पासून या कामाची सूत्रे जेम्स कनिंगहॅम या मूळच्या स्कॉटिश गवंड्याकडे आली. भिंतीचा पाया भरतीरेषेच्या खाली घ्यावा लागत असल्याने कामाचे तास घड्याळापेक्षा ओहोटी ठरवत असे : पाणी मागे हटले की घडीव ग्रॅनाइटचे चिरे बसवायचे, आणि भरती चढण्याआधी सांध्यांतील चुनकाम इतपत आटोपायचे की लाट ते धुऊन नेणार नाही. कनिंगहॅमने निवृत्तीनंतरही देखरेख सोडली नाही. १९६३ मध्ये त्याचे निधन झाले तेव्हा वळसा अपुराच होता. त्याचा स्मृतिफलक या भिंतीलगत आहे. दगडी वळसा १९७१ मध्ये जुळला आणि संपूर्ण फरसबंद वाट १९८० मध्ये पूर्ण झाली. म्हणजे सुमारे नऊ किलोमीटरांसाठी सहा दशकांहून अधिक काळ लागला. आज या वाटेवर सायकलींसाठी वेगळी पट्टी असून त्यांनी घड्याळाच्या उलट दिशेनेच जायचे असा नियम आहे.

कनिंगहॅमने सूत्रे घेतली त्याच १९३१ साली ब्रॉक्टन पॉइंट येथील, पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबांची घरे उद्यानातून हटवली गेली. त्यांचा जमिनीवरील दावा सर्वोच्च न्यायालयाने १९२५ मध्ये फेटाळला होता. सौंदर्यस्थळ घडते तेव्हा तेथील घरे हटवावी लागतात, हे त्या काळी कोणाला खटकल्याचे फारसे दिसत नाही.

शहराच्या दक्षिणेकडील मार्गांची कथा निराळी असून तिच्या केंद्रस्थानी सामन हा मासा आहे. फ्रेझर नदीच्या मुखाशी असलेल्या स्टीव्हस्टन गावात सामन डबाबंद करणारे कारखाने उभे राहिले होते. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने १९०२ मध्ये फॉल्स क्रीकपासून तेथपर्यंत लोहमार्ग टाकला. सॉकआय या जातीच्या सामनवरून लोक या गाडीला गमतीने नावही ठेवत. १९०५ पासून ब्रिटिश कोलंबिया इलेक्ट्रिक रेल्वेने हाच मार्ग भाड्याने घेऊन त्यावर आंतरनगरी ट्राम, म्हणजे शहराबाहेरच्या गावांना जोडणारी विजेची गाडी, सुरू केली आणि केरिसडेल, मारपोल ही उपनगरे तिच्या थांब्यांभोवती वाढली. मोटारींचे दिवस आल्यावर व्हँकुव्हरमधील प्रवासी सेवा १९५२ मध्ये आणि मारपोल ते स्टीव्हस्टन हा अखेरचा टप्पा १९५८ मध्ये बंद पडला. त्यानंतर मालगाड्या तेवढ्या राहिल्या, आणि २००१ नंतर त्याही थांबल्या.

याच सुमारास या मार्गाच्या जमिनीवरून जो वाद झाला तो या इतिहासातील सर्वांत बोधप्रद भाग आहे. अर्बुटस कॉरिडॉर नावाचा हा पट्टा विकसित करून विकावा असा कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचा मानस होता. नगरपालिकेने २००० मध्ये उपविधी करून तो वाहतूक व हरितमार्ग यांसाठी राखून ठेवला. मोबदला न देता मालमत्ता हिरावली जात असल्याची तक्रार घेऊन कंपनी न्यायालयात गेली, परंतु २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नगरपालिकेच्या बाजूने निर्णय दिला. या विजयाचे स्वरूप मात्र चमत्कारिक होते : कंपनीला तेथे इमारती बांधता येत नव्हत्या आणि नगरपालिकेला जमिनीचा ताबा नव्हता. मधल्या काळात रहिवाशांनी रुळांच्या कडेने भाजीपाल्याचे वाफे लावले. २०१४ मध्ये कंपनीने गाड्या पुन्हा चालवण्याच्या तयारीच्या नावाखाली यंत्रे लावून ते साफ केले. अखेर मार्च २०१६ मध्ये नगरपालिकेने ५.५ कोटी डॉलर देऊन सुमारे नऊ किलोमीटरांचा पट्टा विकत घेतला, रूळ उचलले आणि पायी चालणाऱ्यांसाठी व सायकलींसाठी तो खुला केला. यात रहिवाशांची चिकाटी मोठी होती हे खरे. पण निर्णायक ठरली ती सोळा वर्षे न सुटलेल्या मालकीच्या गुंत्यामुळे मोकळी राहिलेली जमीन.

या पट्ट्याच्या दक्षिणेस नदी ओलांडली की रिचमंड लागते. हे उपनगर फ्रेझरच्या गाळाने बनलेल्या बेटांवर वसले असून त्याची सरासरी उंची समुद्रसपाटीपेक्षा जेमतेम एक मीटर आहे. कोकणातील खारबंदिस्ती ज्यांच्या परिचयाची आहे त्यांना येथील व्यवस्था ओळखीची वाटेल : बाहेर बांध, आत शेती व घरे, आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडून भरतीला मिटणारी उघाडी. फरक इतकाच, की येथे उघाडीच्या मदतीला विजेचे पंपही आहेत. बेटाभोवतीच्या सुमारे ४९ किलोमीटर लांबीच्या बांधांवर देखभालीची वाहने फिरण्यासाठी सपाट माथा राखणे भाग होते, आणि तोच माथा सायकलींना आयता मिळाला. टेरा नोव्हापासून स्टीव्हस्टनजवळच्या गॅरी पॉइंटपर्यंतचा पश्चिम बांध त्यांतला सर्वांत लोकप्रिय. त्याच्या एका बाजूला दलदल व समुद्र, तर दुसऱ्या बाजूला घरांची परसदारे दिसतात. हा बांध जेथे संपतो त्या स्टीव्हस्टनचे जपानी वंशाचे कोळी १९४१ च्या डिसेंबरात जपानशी युद्ध पेटल्यानंतर आपल्या नौकांना मुकले. किनाऱ्यावर तेव्हा सुमारे १,२०० नौका जप्त झाल्या आणि १९४२ मध्ये ही कुटुंबे किनाऱ्यापासून दूर हलवली गेली.

व्हिक्टोरियाचा गॅलपिंग गूज मार्ग याच कुळातला. १९२० च्या दशकात व्हिक्टोरिया आणि सूक यांदरम्यान प्रवासी व टपाल नेणाऱ्या पेट्रोलवर चालणाऱ्या एका खडखडत्या रेल्वेडब्याचे ते नाव. रूळ गेल्यावर १९८७ मध्ये तेथील प्रादेशिक प्रशासनाने जमीन उद्यानासाठी घेतली आणि सुमारे ५५ किलोमीटरांचा मार्ग घडवला. लोखंडी चाक लोखंडी रुळावर चढ फारसा चढू शकत नाही, म्हणून रेल्वेचे अभियंते टेकड्या फोडून व दऱ्यांवर लाकडी पूल बांधून उतार अगदी सौम्य ठेवतात. लहान मुले आणि वृद्ध या मार्गावर सहज सायकल चालवू शकतात त्याचे कारण हेच.

या सर्व वाटांचे मूळ प्रयोजन मात्र अजून संपलेले नाही. ७ जानेवारी २०२२ रोजी उधाणाची भरती आणि वादळी वारे एकाच वेळी आले तेव्हा स्टॅन्ली पार्कच्या भिंतीवरील फरसबंदी जागोजागी उखडली, ओंडके वाटेवर येऊन पडले आणि काही भाग बंद ठेवावा लागला. रिचमंडमध्ये समुद्राची पातळी या शतकात एक मीटरने वाढेल हे गृहीत धरून बांध टप्प्याटप्प्याने ४.७ मीटर उंचीपर्यंत चढवले जात आहेत, आणि त्याचा खर्च रहिवाशांकडून पूरसंरक्षणासाठी घेतल्या जाणाऱ्या आकारातून भागवला जातो.