तळटीप : तंबोऱ्याच्या भोपळ्याचा आकार व पोत

मूळ मजकुरात आकार आणि पोत एकाच दमात आले आहेत. ते वेगळे ठेवायला हवेत. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा घ्या. छायाचित्रातली त्याची कडा फूरिये श्रेणीत मांडली, की सुरुवातीच्या पदांत घेर नि फुगवटा येतो, पुढच्या पदांत बारीक उंचवटे. सालीचा खरखरीतपणा कडेत नसतोच. त्यासाठी शेजारच्या बिंदूंवर करड्या छटांच्या कोणत्या जोड्या किती वेळा येतात ते मोजावे लागते. हॅरालिक व सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये मांडलेली पद्धत हीच. यातून नाद कळेल का, हा आक्षेप रास्त आहे. नाद जवारीवर, तारांवर आणि भोपळ्याच्या जाडीवरही ठरतो, आणि जाडी छायाचित्रात येत नाही. तरी जोडतंबोऱ्यांसाठी सारख्या घेराचे भोपळे निवडायला एवढे मोजमापही मोलाचे आहे, असे माझे मत आहे.