एक शाल की दोन? : बडोद्याच्या मेहता दांपत्याविषयी

यंदा आपल्या मंडळातर्फे एका निवृत्त डीन साहेबांचा सपत्नीक सत्कार व्हायचा आहे. कार्यकारिणीच्या बैठकीत शाल एक घ्यायची की दोन, यावर थोडी चर्चा झाली. (दोन ठरल्या.) त्या चर्चेवरून मला बडोद्याशी नाते असलेले एक जुने डीन आणि त्यांची पत्नी आठवली. डॉ. जीवराज मेहता आणि हंसाबेन मेहता.

जीवराजभाईंचा जन्म १८८७ चा, अमरेलीचा. अमरेली तेव्हा आपल्या गायकवाडी मुलखात होती. सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या मोफत शिक्षणाचा पहिला प्रयोग १८९३ मध्ये केला तोही अमरेली तालुक्यातच. घरची परिस्थिती बेताची. मुंबईतले वैद्यकीय शिक्षण कपोळ समाजाच्या ट्रस्टच्या आधारावर झाले, पुढे लंडनला जाता आले ते टाटांच्या मदतीने. तिकडून परतल्यावर काही काळ त्यांनी बडोदे संस्थानात नोकरी केली. गांधीजींच्या आजारपणात त्यांच्यावर उपचारही केले.

हंसाबेन बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांची कन्या. 'करण घेलो' ही गुजरातीतली पहिली कादंबरी लिहिणारे नंदशंकर मेहता हे त्यांचे आजोबा. आडनाव दोघांचेही मेहता, पण ती नागर ब्राह्मण आणि तो वैश्य! १९२४ च्या या लग्नाला नागर ज्ञातीचा कडाडून विरोध झाला. सयाजीराव महाराज मात्र या लग्नाच्या बाजूने उभे राहिले. एक मराठा राजा दोन गुजराती कुटुंबांच्या लग्नात पाठीशी उभा राहतो, ही गोष्ट आपल्या उत्सवांतल्या भाषणांत फारशी येत नाही. यायला हवी.

पुढे मुंबईत के. ई. एम. रुग्णालय आणि शेठ जी. एस. मेडिकल कॉलेज निघाले. तिथले अध्यापक भारतीयच असावेत, अशी देणगीदारांचीच अट होती. जीवराजभाई तिथले पहिले डीन. १९४२ पर्यंत त्यांनी ते पद सांभाळले. हिंदी डॉक्टरांना मोठे रुग्णालय आणि कॉलेज चालवता येईल का, अशी शंका घेणाऱ्यांना त्या वर्षांनीच उत्तर दिले. त्याच काळात हंसाबेन मुंबईत परदेशी कापडाच्या आणि दारूच्या दुकानांपुढे निदर्शने करत होत्या. स्वातंत्र्यलढ्यात दोघांनीही तुरुंगवास भोगला.

१४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री भारतीय स्त्रियांच्या वतीने राष्ट्रध्वज घटना समितीला अर्पण केला तो हंसाबेननी. त्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर असताना त्यांनी जाहीरनाम्यातल्या एका शब्दावर हरकत घेतली. सर्व 'पुरुष' स्वतंत्र व समान, असे न म्हणता सर्व 'मानव' म्हणावे, हा त्यांचा आग्रह. तो मान्य झाला आणि आज पहिल्या कलमात तोच शब्द आहे.

१९४८ मध्ये जीवराजभाई बडोद्याचे दिवाण झाले. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झाले आणि हंसाबेन कुलगुरू म्हणून आल्या. म्हणजे एकेकाळच्या डीनच्या पत्नीच्या हाताखाली आता सगळ्या विद्याशाखांचे डीन! ललित कला, समाजकार्य, गृहविज्ञान असे विषय विद्यापीठात शिकवणे तेव्हा अनेकांना चमत्कारिक वाटे. बाईंनी त्यांना स्वतंत्र विद्याशाखांचा दर्जा दिला. चित्रकला विभागात इंदूरचे आपले ना. श्री. बेंद्रे आले आणि बडोद्याचे नाव देशभर गाजले. १९५८ पर्यंत त्या कुलगुरू होत्या. १९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले, तर १९६० मध्ये जीवराजभाई गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले.

मी याच विद्यापीठाच्या पॉलिटेक्निकचा डिप्लोमावाला. परीक्षा जवळ आली की "हंसा मेहताला भेटू" असे आम्ही मित्र एकमेकांना सांगायचो, म्हणजे लायब्ररीत. त्या इमारतीला हे नाव का, हे तीन वर्षांत एकदाही मनात आले नाही. एकदा घरी विषय निघाला तेव्हा वडिलांना विचारले. ते म्हणाले, "अरे, जीवराजभाईंची बायको." पुढे सरकारी नोकरीत लागल्यावर, एका रविवारी त्याच लायब्ररीत बसून मी बाकीचे वाचून काढले.