‘मी तुम्हाला भाऊ मानतो’ हे इंग्रजीत कसं म्हणायचं?

सरांचा वाढदिवस असतो. ग्रुपवर कुणीतरी मनापासून लिहितं, ‘सर, आय ॲम कन्सिडरिंग यू ॲज माय एल्डर ब्रदर.’ भावना शंभर टक्के खरी. पण इंग्रजी वाचणाऱ्याला त्यातून साधारण असा अर्थ लागतो: ‘सर, तुम्हाला मोठा भाऊ मानावं का, याचा मी सध्या विचार करतोय.’ म्हणजे प्रस्ताव विचाराधीन!

असं का होतं? ‘कन्सिडर’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. एक ‘मानणे’ आणि दुसरा ‘विचार करणे’. मानणं ही मनातली कायमची स्थिती असते, म्हणून त्या अर्थाने ‘आयएनजी’ लावत नाहीत. ‘आयएनजी’ लावलं की दुसरा अर्थ पुढे येतो. ‘वी आर कन्सिडरिंग हिम फॉर द पोस्ट’ म्हणजे त्या पदासाठी त्याचा विचार चालू आहे, अजून ठरलेलं नाही. त्यामुळे सरांसाठी साधं वाक्य पुरेसं होतं: ‘सर, आय कन्सिडर यू माय एल्डर ब्रदर.’

या वाक्यात ‘ॲज’ नाही, हेही लक्षात आलं असेल. खरी गडबड इथेच होते. मराठीत ‘मानणे’, ‘समजणे’, ‘लेखणे’ कुठलंही क्रियापद घ्या, व्यक्तीला ‘ला’ लावला की काम झालं. इंग्रजीत मात्र प्रत्येक क्रियापदाचा जोडशब्द वेगळा असतो, आणि काहींना तो लागतच नाही.

‘ॲज’ हवाच अशी क्रियापदं

यातलं मुख्य म्हणजे ‘रिगार्ड’. ‘आय रिगार्ड हिम ॲज माय गुरू’, मी त्यांना गुरू मानतो. ‘ॲज’ गाळला तर वाक्य लंगडं होतं. ‘सी’, ‘व्ह्यू’, ‘लुक अपॉन’ आणि ‘थिंक ऑफ’ यांचंही तसंच: ‘वी थिंक ऑफ हर ॲज फॅमिली’, आम्ही तिला घरातलीच समजतो. ‘थिंक ऑफ’मधला ‘ऑफ’ विसरू नका, ‘आय थिंक हिम ॲज’ अशी रचना होत नाही. ‘ॲज’पुढे विशेषणही चालतं: ‘द डॉक्टर्स रिगार्डेड हिज कंडिशन ॲज सीरियस.’

‘ॲज’ नको अशी क्रियापदं

‘कन्सिडर’, ‘कॉल’ आणि ‘फाइंड’. ‘कन्सिडर’नंतर हवं तर ‘टू बी’ घालता येतं: ‘आय कन्सिडर हर टू बी अ गुड टीचर.’ ‘कन्सिडर ॲज’ छापील मजकुरातही कधीकधी दिसतं, पण स्पर्धा परीक्षेत तेच चूक म्हणून विचारतात. तेव्हा पेपरात आणि नोकरीच्या अर्जात ते टाळलेलंच बरं.

‘फाइंड’ जरा वेगळं. स्वतःच्या अनुभवावरून झालेलं मत त्यातून सांगतात. ‘आय फाइंड हिम रूड’ म्हणजे मला तो उर्मट वाटतो. आपण जिथे ‘वाटतो’ म्हणतो, तिथे हे पुष्कळदा चपखल बसतं.

‘कन्सिडर’ची आणखी एक रचना भाषणांत, पत्रांत हमखास लागते. ‘त्यांना मदत करणं मी माझं कर्तव्य समजतो’ याचं इंग्रजी: ‘आय कन्सिडर इट माय ड्यूटी टू हेल्प देम.’ यातला ‘इट’ पुढे येणाऱ्या ‘टू हेल्प देम’साठी जागा धरून बसतो, अगदी एसटीत रुमाल टाकतात तसा. तो काढला की वाक्य मोडतं.

‘कॉल’ आणि ‘रिगार्ड’ यांतला फरक पाहायला एक जुना खटला उपयोगी पडतो. ‘द टाइम्स’चे पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांनी 1910 सालच्या ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकात लोकमान्य टिळकांना भारतीय असंतोषाचे जनक म्हटलं. तो आरोप होता. टिळकांनी लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि 1919 मध्ये ते तो हरले. आपल्याकडे मात्र तीच उपाधी भूषण ठरली. इंग्रजीत सांगायचं तर, ‘चिरोल कॉल्ड टिळक द फादर ऑफ इंडियन अनरेस्ट. इंडियन्स रिगार्डेड इट ॲज अ कॉम्प्लिमेंट.’ पहिल्यात ‘ॲज’ नाही, दुसऱ्यात आहे.

गैरसमज झाला असेल तर ‘टेक फॉर’

‘मी त्यालाच मॅनेजर समजलो’ यातलं ‘समजणे’ म्हणजे मानणे नव्हे, चुकणे. इथे ‘कन्सिडर’ चालणार नाही. ‘आय टुक हिम फॉर द मॅनेजर’ म्हणा. भांडणात उपयोगी पडणारं ‘तू मला समजलास तरी काय?’ हे वाक्यही इथलंच: ‘व्हॉट डू यू टेक मी फॉर?’ आणि गृहीत धरणे म्हणजे ‘टेक फॉर ग्रँटेड’.

मानणं वेगळं, वागवणं वेगळं

‘रिगार्ड’ मनातलं सांगतं, ‘ट्रीट’ वागणुकीतलं. ‘दे रिगार्ड हर ॲज अ डॉटर, बट दे ट्रीट हर लाइक अ सर्व्हंट.’ सुनेला मुलगी मानतो म्हणायचं आणि राबवायचं मोलकरणीसारखं, ही घरोघरची गोष्ट एका वाक्यात आली. नोकर नसताना नोकरासारखं, लहान नसताना लहानासारखं वागवलं, अशी तक्रार असेल तर ‘लाइक’च वापरतात. ‘ट्रीट’ ही कृती असल्यामुळे त्याला ‘आयएनजी’ बिनधास्त लावा: ‘स्टॉप ट्रीटिंग मी लाइक अ चाइल्ड.’

आदराने पाहण्यासाठी ‘लुक अप टू’ आणि तुच्छ लेखण्यासाठी ‘लुक डाउन ऑन’ हे तर बहुतेकांना माहीत असतंच.

राहिला मानलेला भाऊ. त्यासाठी ‘माय कन्सिडर्ड ब्रदर’ असं कृपया लिहू नका, कारण विशेषण म्हणून ‘कन्सिडर्ड’चा अर्थ होतो ‘विचारपूर्वक ठरवलेला’. मानलेल्या नात्याला इंग्रजीत आपल्यासारखा नेमका शब्द नाही. ‘ही इज लाइक अ ब्रदर टू मी’ एवढंच म्हणायचं.

ईमेलच्या शेवटी लिहितो ते ‘रिगार्ड्स’ याच कुळातलं. तिथे ‘एस’ हवा. पण ‘च्या संदर्भात’ या अर्थाने लिहाल तेव्हा ‘विथ रिगार्ड टू’ लिहा, ‘एस’ न लावता.