गोचीड आणि गुराख्याची साक्ष

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत गाय जितकी गोठ्याची, तितकीच रानाची. 1982 मध्ये गडचिरोली वेगळा झाला; त्याआधी हा सारा मुलूख एकच जिल्हा होता आणि जुने लोक त्याला चांदा म्हणत. जळण, बांबू आणि चराई हे इथल्या गावांचे निस्तार हक्क मध्य प्रांताच्या काळापासून कागदोपत्री आले. धानाच्या बांधीत राबणारी लहान चणीची कठाणी गुरे सकाळी जंगलात जातात, दिवेलागणीला परततात. परतताना कानामागे, कासेजवळ, शेपटीच्या मुळाशी गोचीड घेऊन येतात. घरातले कोणीतरी ते हाताने ओढून काढते आणि दगडावर चिरडते.

या साध्या कृतीत माणसाच्या आरोग्याचा प्रश्न दडला आहे, हे वैद्यकाला उशिरा उमगले. त्या उमगण्याचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: रानाकाठच्या माणसाने पाहिलेले आधी होते, त्यावर विश्वास नंतर बसला.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत टेक्सासकडची गुरे उत्तरेला हाकत नेत. ही गुरे स्वतः धडधाकट दिसत, पण ती ज्या कुरणातून जात तिथली गुरे पुढे तापाने मरत. गुराखी म्हणत, हे गोचिडांचे काम. जाणकारांनी ते हसण्यावारी नेले. थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी मात्र गुराख्यांचे म्हणणे कुंपणे घालून, गोचीड वेचून तपासले आणि 1893 मध्ये ते सिद्ध करून दाखवले. रोगाचा परजीवी रक्त पिणारा किरकोळ जीव वाहून नेतो, याचा हा पायाभूत पुरावा. रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी दिसला तो त्यानंतर, 1897 मध्ये. पण कीर्ती डासाला मिळाली. गोचीड गोठ्यातच राहिला, पशुवैद्याचा विषय म्हणून.

आपल्याकडे 1952 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून पुण्यात विषाणू संशोधन केंद्र उभारले. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. 1954 मध्ये वानवडीतील मेंढ्यांच्या अंगावरच्या गोचिडांत या केंद्राला एक नवा विषाणू सापडला. त्याच वर्षी ओडिशातील गंजाम जिल्ह्यात बकऱ्यांवरच्या गोचिडांत दुसरा सापडला. दोघांना गावाची-जिल्ह्याची नावे मिळाली. माणसाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व तेव्हा कोणाला वाटले नाही.

मग 1957 चा मार्च आला. शिमोगा जिल्ह्यातील सोरब तालुक्यात, क्यासनूरच्या जंगलात वानरे आणि लाल तोंडाची माकडे मरून पडू लागली. पाठोपाठ जंगलात जाणारी माणसे तीव्र तापाने आणि रक्तस्रावाने आजारी पडली. माकडे मरतात म्हणजे आफ्रिकेतला पीतज्वर भारतात शिरला, ही पहिली भीती. पुण्याहून टेलफर्ड वर्क आणि त्यांचे सहकारी गेले. हाती आलेला विषाणू पीतज्वराचा नव्हता, तर रशियातील गोचीडजन्य मेंदूज्वराचा भाऊबंद होता. सैबेरिया कुठे आणि सोरब कुठे! स्थलांतरित पक्ष्यांनी तो आणला असेल का, हे तपासण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सालिम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवण्याची मोठी मोहीम हाती घेतली. पक्षिशास्त्राला तिचा अमाप फायदा झाला. रोगाचे उत्तर मात्र आकाशात नव्हते, जमिनीवर होते.

ते उत्तर असे. या जंगली गोचिडाची पिल्ले उंदीर, घुशी, माकडे यांच्या रक्तावर वाढतात. वाढलेल्या मादीला मोठे जनावर लागते आणि चरायला आलेली गाय ते पुरवते. गाय आजारी पडत नाही, तिच्या रक्तातून विषाणू पुढे जातो असेही नाही. पण तिच्या रक्तावर पोसलेली मादी पावसाळ्यात पाचोळ्यात हजारो अंडी घालते. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत त्यांची अर्धवट वाढलेली पिल्ले माणसाला चावतात. जॉर्ज बोशेल यांनी 1969 मध्ये ही साखळी मांडली: जंगल तुटते, माणूस आत सरकतो, गुरे त्याच्यासोबत जातात आणि गोचीड वाढतो. 1983 मध्ये दक्षिण कन्नड जिल्ह्यात काजूच्या लागवडीसाठी जंगल तोडल्यावर शेकडो माणसे आजारी पडली, तेव्हा या मांडणीची प्रचिती आली.

पुढे हा माकडताप सह्याद्रीतून वर सरकला. 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, 2016 मध्ये सिंधुदुर्गच्या दोडामार्गात. तिथे त्या एका हंगामात शंभराहून अधिक रुग्ण निघाले. दोन्हीकडे काजूच्या बागांत राबणारे लोक त्यात होते. रोगाची खूण पुन्हा तीच होती: माकडांचे मरण. त्याच्यावरची जुनी लसही पुरेशी ठरली नाही आणि ती थांबवावी लागली.

माकडतापाचा ज्ञात पट्टा सह्याद्रीचा; चंद्रपूर-गडचिरोली त्यात नाहीत. पण गोचिडाचा माणसाशी संबंध एका रोगापुरता नाही. 2011 च्या जानेवारीत अहमदाबाद जिल्ह्यातील कोलाट गावी एका स्त्रीला क्रिमियन-काँगो ताप झाला. ती दगावली आणि तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही गेल्या. पुण्याच्या संस्थेने निदान केले आणि भारतात हा रोग असल्याचे प्रथमच रुग्णांतून सिद्ध झाले. हा विषाणू गोचीड चावून येतो, तसाच बाधित जनावराच्या रक्तातून आणि उघड्या बोटांनी गोचीड चिरडण्यातूनही येतो. दगडावरची ती सवय म्हणूनच धोक्याची.

विदर्भाच्या आणखी जवळचे उदाहरण अकोल्याचे. तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी गोचीडजन्य ठिपक्यांचा ताप झालेल्या मुलांचा अभ्यास करून 2011 मध्ये लवकर निदानासाठी गुणांची पद्धत सुचवली. तळहात-तळपायावरचे पुरळ तर त्यात होतेच. पण मूल खेड्यातले आहे का, जनावरांशी त्याचा संबंध येतो का, गोचीड चावला होता का, या प्रश्नांनाही गुण होते. या तापावर डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध वेळेवर दिले तर उतार पडतो, उशीर झाला तर जीव जातो. गुराख्याच्या साक्षीला दवाखान्याच्या कागदावर मिळालेली ही जागा मला फार मोलाची वाटते.

कारण गडचिरोलीत ताप म्हटला की हिवताप. राज्यातला हिवतापाचा सर्वांत मोठा भार या जिल्ह्याने वाहिला, तेव्हा ते स्वाभाविकच आहे. पण रक्ताच्या तपासणीत हिवताप निघाला नाही, तर पुढचा प्रश्न कोणता? मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचणारी, एप्रिल-मेमध्ये तेंदूपाने तोडणारी माणसे त्याच पाचोळ्यात बसतात, जिथे त्यांची गुरे चरतात. जनावरांच्या अंगावरचे गोचीड पशुसंवर्धन खात्याचे, मेलेले माकड वनखात्याचे, तापलेला माणूस आरोग्य खात्याचा. गोचीड ही विभागणी मानत नाही.

गुरे जंगलातून हाकलून द्या, असा याचा अर्थ नाही. चराई हा इथला हक्क आहे, आणि कठाणीसारखी देशी गुरे संकरित गायींपेक्षा गोचिडांना अधिक पुरून उरतात. करायचे ते साधे आहे. गोचीड चिमट्याने, कातडीलगत धरून सरळ ओढावा, चिरडू नये, नंतर हात साबणाने धुवावेत. रानात मेलेले माकड दिसले तर हात न लावता कळवावे. आणि दवाखान्यात तापाच्या माणसाला आणखी एक प्रश्न विचारला जावा: घरी गुरे आहेत का, गोचीड चावला होता का? टेक्सासच्या गुराख्यांना हा प्रश्न कोणी विचारला नाही, म्हणून उत्तर हाती यायला इतकी वर्षे लागली.