वारंवार लघवी : ‘उन्हाळी’ की आजाराची चाहूल?

हिंगोली जिल्ह्यात, विशेषतः वसमत परिसरात, हळद काढण्याची व शिजवण्याची कामे ऊन तापू लागते त्याच दिवसांत येतात. घाम भरपूर, पाणी कमी. मग लघवी गडद, थेंबथेंब आणि जळजळीची होते. यालाच ‘उन्हाळी लागणे’ म्हणतात. धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा असे उपाय घरोघरी होतात आणि पुरेसे पाणी पोटात गेले की त्रास बहुधा शमतोही. मात्र एक-दोन दिवसांत तो न थांबल्यास उन्हाळी म्हणून सोडून देणे योग्य नव्हे. मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाची लक्षणे अगदी अशीच असतात. स्त्रियांचा मूत्रमार्ग आखूड असल्याने त्यांना हा संसर्ग अधिक होतो. शेतात वा प्रवासात सोय नाही म्हणून पाणीच न पिणे व लघवी तासन्‌तास रोखणे त्यात भर घालते.

निरोगी प्रौढ व्यक्ती दिवसरात्रीत साधारणतः 6 ते 8 वेळा लघवीस जाते. यापेक्षा खेपा वाढल्यास प्रमाणही पाहावे. वरचेवर पण थोडी थोडी लघवी होत असल्यास संसर्ग, मुतखडा, अतिसक्रिय मूत्राशय किंवा पुरुषांत वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी यांचा विचार होतो. प्रत्येक खेपेस भरपूर लघवी आणि न शमणारी तहान असेल तर मधुमेहाची शंका घ्यावी. रक्तातील साखर साधारणतः 180 मिलिग्रॅमच्या वर गेली की ती लघवीत उतरते व आपल्यासोबत पाणी ओढून नेते. अशा वेळी खेपा कमी व्हाव्यात म्हणून पाणी तोडणे घातक ठरते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही लघवी वाढते; पण त्या परस्पर बंद करू नयेत.

रात्री दोन-तीनदा उठावे लागते, धार बारीक झाली आहे, तरी ‘वयच झाले’ असे म्हणून अनेक वृद्ध गप्प बसतात. वस्तुतः यावर उपचार आहेत.

लघवीतून रक्त जाणे, मग वेदना नसली तरी, थंडी वाजून ताप व पाठीत कळ, लघवी पूर्ण अडणे, अथवा पायांत अचानक बधिरपणा यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. गर्भवतींनी साधी जळजळही अंगावर काढू नये. अंथरूण ओले करणे थांबलेल्या मुलास पुन्हा तो त्रास सुरू झाला आणि वजन घटू लागले, तर साखर तपासणे निकडीचे.

प्राथमिक निदानास लघवीची व रक्तातील साखरेची तपासणी बहुधा पुरते. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार 15 ऑगस्ट 2023 पासून निःशुल्क करण्यात आले. डॉक्टरांकडे जाताना तीन दिवसांतील पाण्याची व लघवीची वेळ-प्रमाणासह नोंद सोबत न्यावी.