रिव्हॉल्व्हरचे काडतूस : नळीची लांबी व दारूची निवड

पुण्याजवळील खडकी येथे १८६९ मध्ये लहान शस्त्रांच्या दारूगोळ्याचा कारखाना स्थापन झाला, तेव्हा काडतुसात काळी दारूच भरत. सोरा, गंधक व कोळसा यांच्या या मिश्रणाचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यावरही घनरूपात उरे. नळीत काजळी साचे व धुरामुळे नेमबाजाची जागा उघड होई. १८८९ मध्ये फ्रेडरिक एबल व जेम्स ड्यूअर यांनी कॉर्डाइट ही निर्धूम दारू तयार केली. नायट्रोग्लिसरीन ५८, गनकॉटन ३७ व व्हॅसलीन ५ टक्के असे तिचे मूळ घटक होते. तिच्या उष्णतेने नळीचे पोलाद झिजू लागल्यामुळे १९०१ मध्ये नायट्रोग्लिसरीनाचे प्रमाण ३० टक्क्यांवर आणावे लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी निलगिरीतील अरुवनकाडू येथे कॉर्डाइटचे उत्पादन सुरू झाले.

ब्रिटिश सैन्याने १८८७ मध्ये स्वीकारलेल्या वेब्ली रिव्हॉल्व्हरचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. त्याच्या ०·४५५ इंची काडतुसाचे कवच काळ्या दारूच्या मोठ्या भारासाठी लांब होते. कॉर्डाइटचा थोडा भार त्या पोकळीत नीट जळेना, म्हणून १८९७ मध्ये कवचच आखूड करण्यात आले. नळी मात्र पुढे वाढत गेली : आरंभी सु. १० सेंमी. असलेली नळी १९१५ च्या नमुन्यात सु. १५ सेंमी. झाली. यावरून दारूचे खरे नाते नळीच्या लांबीपेक्षा कवचातील जागा, गोळीचे वजन व शस्त्राला सोसणारा दाब यांच्याशी आहे, हे दिसते.

आखूड नळीस जलद जळणारी व लांब नळीस मंद जळणारी दारू हवी, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. दारूचा बहुतेक भाग गोळी थोडेसे अंतर जाते तोच जळतो. उरलेल्या नळीत वायू प्रसरण पावून गोळीला ढकलीत राहतात. त्यामुळे लांब नळीत सर्वाधिक वेग देणारी मंद दारू आखूड नळीतही बहुधा सर्वाधिक वेग देते. फक्त भडका व आवाज फार वाढतो. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसांचे फिरते चक्र व नळी यांमधील फटीतून काही वायू निसटतो, तो तोटा वेगळाच.

अमेरिकेत १९३५ मध्ये निघालेल्या ०·३५७ मॅग्नम काडतुसासाठी २२ सेंमी. नळीतून सेकंदाला सु. ४६० मी. वेग जाहीर झाला होता. आजच्या कारखानी काडतुसाचा १० सेंमी. नळीतील वेग सु. ३८० मी. भरतो, मात्र आजचा भारही सौम्य असल्याने सारी घट नळीच्या खाती मांडता येत नाही. वेब्लीच्या उलट येथे कवच सु. ३ मिमी. लांबविले गेले, पण ते दारूसाठी नव्हे, तर जुन्या व दुबळ्या ०·३८ रिव्हॉल्व्हरांत ते काडतूस बसू नये म्हणून.

दिसावयास सारख्या असलेल्या दारूंच्या ज्वलनवेगात मोठा फरक असू शकतो. मंद दारूच्या भाराइतकी जलद दारू भरल्यास चक्र फुटते. कारखान्यात नमुने डागून दाब मोजतात. घरी काडतुसे भरणाऱ्याजवळ ते साधन सहसा नसते. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याविना दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे.