कडेवरून कोपऱ्यात

रंकाळ्याचा फेरा डोळ्यांपुढे आणा. मधल्या पाण्यात कुणी चालत नाही, सगळी वर्दळ काठानं. टोपॉलॉजिकल इन्सुलेटर म्हणजे काय असं विचारलं, की मी हेच चित्र सांगतो: आतून विद्युतरोधक, वीज वाहते ती फक्त कडेनं. पण कडेवरही कुणी नसेल, तर तो पदार्थ साधाच समजायचा का? बरीच वर्षं याचं उत्तर 'हो' असंच होतं.

सुरुवात १९८० ची. क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना इलेक्ट्रॉनच्या पातळ थरात, तीव्र चुंबकीय क्षेत्रात, हॉल रोध काटेकोर पायऱ्यांनी बदलताना दिसला. नमुन्यात बारीकसारीक दोष असले तरी पायरी हलत नव्हती. १९८२ मध्ये डेव्हिड थाउलेस आणि सहकाऱ्यांनी कारण सांगितलं: पायरीमागे एक पूर्णांक आहे. मेदूवड्याला भोक एक असतं किंवा नसतं, सव्वा भोक नसतं, तसंच हे. १९८८ मध्ये डंकन हॉल्डेन यांनी एकूण चुंबकीय क्षेत्र शून्य असतानाही हे जमेल असं कागदावर दाखवलं. २००७ मध्ये जर्मनीत, वुर्झबर्गला, मर्क्युरी टेल्युराइडच्या थरात बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राशिवाय कडेनं वाहणारी वीज मोजली गेली.

मग सवयच पडली. कड तपासायची, काही सापडलं नाही तर 'साधा' असा शिक्का मारून पुढं जायचं.

गंमत अशी, की कोपऱ्याचा धागा १९७९ पासून हाताशी होता. सू, श्रीफर आणि हीगर यांनी पॉलिअ‍ॅसिटिलीनच्या साखळीचा अभ्यास केला. तिच्यात एकेरी-दुहेरी बंध आलटून पालटून येतात. बंधांची मांडणी जुळून आली, तर अशा साखळीच्या टोकाला इलेक्ट्रॉनची एक अवस्था अडकून राहते. २०१७ मध्ये बेनाल्काझार, बर्नेव्हिग आणि ह्यूज यांनी चौकोनी जाळीचं गणित मांडलं. त्यात आतला भाग बंद, कडही बंद. पण प्रत्येक कड स्वतःच त्या साखळीसारखी वागते. दोन कडा मिळतात तिथं, कोपऱ्यात, अर्ध्या इलेक्ट्रॉनइतका विद्युतभार राहतो. यालाच उच्च-क्रम टोपॉलॉजी म्हणतात.

२०१८ मध्ये कोपऱ्यातल्या अवस्थांचे पुरावे आले, पण इलेक्ट्रॉनचे नव्हेत: सिलिकॉनच्या कंप पावणाऱ्या चकत्या, मायक्रोवेव्ह सर्किटं, कॉइल-कपॅसिटरच्या जाळ्या. द्विमितीय पदार्थांत ग्राफडाइन या कार्बनच्या जाळीचं नाव पुढं आलं. तिच्या फिल्म २०१० मध्येच चीनमध्ये बनल्या होत्या. तिच्या कोपऱ्यांत अशा अवस्था असतील, हे गणित आलं २०१९ मध्ये.

खरी अडचण इथंच आहे. कडेनं वीज वाहते, ती तारा जोडून मोजता येते. कोपऱ्यातली अवस्था वाहत नाही, जागेवर बसून राहते. शिवाय तुटलेले बंध आणि दोष जमतात तेही कोपऱ्यातच. त्यामुळं 'कोपऱ्यात काहीतरी दिसलं' एवढा पुरावा पुरत नाही. जाळीच्या सममितीनुसार कुठल्या कोपऱ्यात अवस्था असायला हवी आणि कुठल्यात नसावी, दोन्ही जुळलं पाहिजे. नाहीतर आधी 'साधा'चा शिक्का घाईनं मारला, तसा आता 'टोपॉलॉजिकल'चा मारू.